कराचीच्या टाळ्या

हातातला मोबाइल घरीच ठेवा. जिथे निघाला आहात तिथे नकाशा दाखवणारा फोन अजून कुणाच्या खिशात नाही. मैदानाचा रस्ता माणसांनाच विचारावा लागेल. आणि विचाराच. तुमचं हिंदी ऐकून रिक्षावाला मान वळवून पाहील, ‘इंडिया से?’ म्हणेल, आणि तुम्ही ‘मुंबई’ म्हणालात की सचिनबद्दल बोलायला लागेल. उतरताना तो पैसे घ्यायला नको म्हणाला, तर दचकू नका. या महिन्यात पाकिस्तानात आलेल्या पुष्कळ भारतीयांना हा अनुभव येणार आहे.

आज शनिवार, १३ मार्च २००४. शहर कराची. भारताचा संघ पाच एकदिवसीय सामने आणि तीन कसोटी खेळायला पाकिस्तानात आला आहे. आज पहिला एकदिवसीय सामना.

हे शहर तुम्हाला वाटतं तितकं परकं नाही. बंदर रोडला आता एम. ए. जिना रोड म्हणतात. तिथे एक भारदस्त दगडी शाळा आहे. नाव वाचा: नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल. १८५५ साली सुरू झालेल्या या शाळेला एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, तेव्हा मुंबईची माणसं इथे नोकरीला येत आणि इथली मुंबईला जात. आज त्याच मुंबईतून येणाऱ्याला व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागतं.

स्टेडियमच्या दिशेनं जाताना पोलिसांच्या गाड्या मोजायचा प्रयत्न करू नका, मोजून होणार नाहीत. दोनच वर्षांपूर्वी, मे २००२ मध्ये, न्यूझीलंडचा संघ उतरला होता त्या हॉटेलसमोर बॉम्बस्फोट झाला आणि संघ दौरा सोडून मायदेशी परतला. म्हणून या दौऱ्यात कराचीला कसोटी मिळालेली नाही. एका दिवसात संपणारा एवढा एकच सामना मिळाला आहे. भारताचं दुखणं त्याहून जुनं आणि खोल आहे. कारगिलला पाच वर्षंही झालेली नाहीत. संसदेवरच्या हल्ल्यानंतर दोन्ही सैन्यं कित्येक महिने सीमेवर समोरासमोर उभी होती. संघ निघण्यापूर्वी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींनी खेळाडूंना सांगितलं, सामने तर जिंकाच, पण मनंही जिंका. ऐकायला गोड वाटतं. पण इथल्या फाटकावर तिसऱ्यांदा झडती देताना ते काम केवढं अवघड आहे हे तुमच्या लक्षात येईल.

आत गेलात की थोडा वेळ गवताकडे पाहा. १५ नोव्हेंबर १९८९ रोजी सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर कसोटी खेळायला पहिल्यांदा उतरला तो याच मैदानावर. आणि ३० सप्टेंबर १९९७ रोजी याच स्टँडमधून भारतीय क्षेत्ररक्षकांवर दगड आले. खेळ थांबवावा लागला, पाकिस्तानचा डाव षटकं पूर्ण होण्याआधीच संपवावा लागला. तो सामना भारत जिंकला, पण भारतातल्या लोकांच्या लक्षात राहिले ते दगड. त्यानंतर भारतीय संघ कराचीत आज पहिल्यांदा येतो आहे. सीमारेषेजवळ उभा राहणारा प्रत्येक जण एकदा तरी पाठीमागे वळून पाहील. तुम्हीही पाहाल.

जागा मिळाली की बसा. तुमच्या बाजूला कराचीचं एक कुटुंब आहे. आजोबा, मुलगा, नातवंडं. एका मुलाच्या एका गालावर हिरवा रंग आहे, दुसऱ्यावर तिरंगा. पलीकडच्या स्टँडमध्ये कुणीतरी दोन देशांचे झेंडे एकमेकांना शिवून आणले आहेत. आजोबा सरकून जागा करतात.

नाणेफेक इंझमाम उल हक जिंकतो आणि भारताला फलंदाजी देतो. पुढच्या तासाभरात त्याला त्याचा पश्चात्ताप होत असणार. शोएब अख्तर सीमारेषेजवळून धावत येतो, चेंडू दिसायच्या आत यष्टिरक्षकाच्या हातात असतो, आणि तरी वीरेंद्र सेहवाग जागेवर उभा राहून बॅट फिरवतो. ५७ चेंडूंत ७९. नो-बॉल आणि वाइड इतके पडतात की आजोबा कपाळाला हात लावतात. सौरव गांगुली ४५ करतो, महंमद कैफ ४६. या सगळ्यांच्या मधून राहुल द्रविड आवाज न करता धावा जमवत राहतो. तो ९९ वर पोहोचतो तेव्हा एक गोष्ट कानांनी टिपा: पाकिस्तानी स्टँडमध्ये लोक त्याच्या शतकाची वाट पाहत आहेत. शोएब त्याचा त्रिफळा उडवतो. आधी जल्लोष होतो, विकेटचा. मग तो ओसरतो आणि द्रविड पॅव्हेलियनच्या पायऱ्या चढेपर्यंत टाळ्या चालू राहतात.

भारत ५० षटकांत ७ बाद ३४९.

तुम्ही ज्या काळातून आला आहात तिथे हा आकडा कुणाला फार मोठा वाटत नाही. इथे त्याचं वजन वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी अजून सुरू व्हायची आहे. ३५० धावांचा पाठलाग करून आजवर एकाही संघानं एकदिवसीय सामना जिंकलेला नाही. मधल्या सुट्टीत बन कबाबचं पुडकं उघडताना आजोबा म्हणतात, संपला सामना. एक बन कबाब तुमच्या हातात येतो. घ्या. नाही म्हणालात तर ते दुखावतील.

सामना संपलेला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बोलू नका.

दोन्ही सलामीवीर लवकर परततात आणि इंझमाम मैदानात येतो. त्याच्या चालण्यात घाई नाही, धावण्यातही नाही. पण फटका मारताना तो एवढा मोठा माणूस अचानक हलका होतो. युसूफ युहाना त्याच्याबरोबर उभा राहतो आणि ७३ करतो. मग युनूस खान येतो. सकाळी आजोबांच्या चेहऱ्यावर असलेला शिष्टाचार आता गळून पडला आहे. ते उभे राहून ओरडत आहेत, आणि तुम्ही, अंगात भारतीय रक्त असूनही, इंझमामचा एक कव्हर ड्राइव्ह पाहून नकळत ‘वा!’ म्हणता. आजोबांनी ते ऐकलं. ते तुमच्या खांद्यावर हात ठेवतात. १०२ चेंडूंत १२२ धावा. शेवटी मुरली कार्तिकच्या चेंडूवर यष्टिरक्षण करणारा द्रविड त्याचा झेल घेतो. इंझमाम परततो तेव्हा टाळ्या वाजवायला तुम्ही उभे राहा. सकाळी द्रविडला जे मिळालं त्याची परतफेड इथेच होऊ द्या.

आता शेवटची षटकं. आठ चेंडूंत दहा धावा हव्यात. शोएब मलिक चेंडू उंच उडवतो. लाँग ऑफवरून कैफ धावत सुटतो, दुसऱ्या बाजूनं हेमांग बदानी येतो, दोघांचे डोळे आकाशात. कैफ झेपावतो, बदानीवर आदळता आदळता चेंडू पकडतो आणि जमिनीवर पडूनही सोडत नाही. क्षणभर तीस हजारांहून जास्त माणसं गप्प होतात.

शेवटचं षटक आशीष नेहराचं. नऊ हव्यात. पहिल्या पाच चेंडूंत त्यानं फक्त तीन दिल्या आहेत. शेवटच्या चेंडूवर षटकार हवा, आणि समोर मोईन खान आहे, कराचीचा मुलगा. आता पाकिस्तानच्या ड्रेसिंग रूमकडे पाहा. तिथे प्रशिक्षक म्हणून जावेद मियांदाद आहे, तोही कराचीचा. १९८६ मध्ये शारजात चेतन शर्माचा शेवटचा चेंडू फुलटॉस पडला आणि मियांदादनं तो प्रेक्षकांत भिरकावला. त्या षटकारानं आपल्याकडे एका पिढीची झोप उडवली होती. नेहरा धावत येतो. चेंडू फुलटॉस पडतो. तुमच्या पोटात गोळा येतो. मोईन बॅट फिरवतो, चेंडू हवेत जातो, आणि झेल घेणारे हात आहेत झहीर खानचे, आपल्या श्रीरामपूरच्या पोराचे.

पाकिस्तान ८ बाद ३४४. भारत पाच धावांनी विजयी. दोन्ही डाव मिळून ६९३ धावा, तोवरच्या कुठल्याही एकदिवसीय सामन्यातल्या सर्वाधिक.

ज्यासाठी तुम्हाला इथवर आणलं ते आता घडणार आहे. भारतीय खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत आहेत, तिकडे बघू नका. स्टँडकडे बघा. सात वर्षांपूर्वी जिथून दगड आले त्या पायऱ्यांवर लोक उभे राहत आहेत. पाच धावांनी हरलेले, घसा बसलेले, डोळ्यांत पाणी आलेले लोक. आणि ते टाळ्या वाजवत आहेत, भारतीय संघासाठी. एका कोपऱ्यातून सुरुवात होते, मग ती साऱ्या मैदानाला वेढते. आजोबाही वाजवत आहेत. त्यांचा आवडता संघ त्यांच्याच शहरात आत्ताच हरला आहे, आणि ते वाजवत आहेत.

याला केवळ चांगुलपणा म्हणून सोडून देऊ नका. टाळी वाजवणं हे खेळाडूच्या फटक्याइतकंच शिकावं लागतं. कराचीसमोर एक धडा होता. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईच्या चेपॉकवर भारत पाकिस्तानकडून अवघ्या १२ धावांनी हरला. सचिनच्या १३६ धावा वाया गेल्या. त्या संध्याकाळी चेपॉकचे लोक उभे राहिले आणि पाकिस्तानी संघानं टाळ्यांच्या गजरात मैदानाला फेरी मारली. इंझमाम आणि मोईन तेव्हा त्या संघात होते. पाच वर्षांनी कराची चेन्नईला उत्तर देते आहे. आपल्या मुंबईनं याच खेळात काय केलं तेही आठवा: १९९१ साली पाकिस्तानचा दौरा होऊ नये म्हणून वानखेडेची खेळपट्टी उखडली गेली. दोन्ही गोष्टी माणसंच करतात. प्रेक्षक कोणता होणार, हे आधी ठरलेलं नसतं.

परतायची घाई नसेल तर आणखी काही दिवस राहा. तीन दिवसांनी रावळपिंडीत सचिन १४१ करेल आणि तरी भारत १२ धावांनी हरेल. त्याच दिवशी मुंबईचा रमेश पोवार पहिल्यांदा भारताची टोपी घालेल. पेशावर पाकिस्तान जिंकेल. मग लाहोर. तिथे २१ मार्चला द्रविड आणि कैफ हातातून निसटलेला सामना ओढून आणतील. २४ मार्चला निर्णायक सामना. व्ही. व्ही. एस. लक्ष्मणच्या १०७ धावा, सीमारेषेवर सचिननं घेतलेला इंझमामचा झेल, आणि ४० धावांनी विजय. पाकिस्तानात जिंकलेली भारताची ही पहिली एकदिवसीय मालिका. त्या दिवशी प्रेक्षकांत महंमद अली जिनांची कन्या दिना वाडिया असतील. वडिलांनी देश घडवला, मुलीनं सीमेअलीकडे संसार थाटला, आणि आता ती दोन्ही देशांचा सामना पाहायला लाहोरला आली आहे.

लाहोरमध्ये आणखी एक गोष्ट पाहाल. भारतातून आलेल्या हजारो लोकांना हॉटेलं पुरणार नाहीत, तेव्हा लाहोरकर त्यांना घरी नेतील. फाळणीत सोडलेली गल्ली शोधत आलेल्या म्हाताऱ्यांना अनोळखी माणसं हाताला धरून त्या दारापर्यंत पोहोचवतील.

या लोकांना जे माहीत नाही ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्याचं ओझं घेऊनच तुम्हाला परतायचं आहे. २००६ मध्ये भारताचा संघ पुन्हा दौऱ्यावर येईल, आणि त्यानंतर तुमच्या काळापर्यंत तरी द्विपक्षीय मालिकेसाठी येणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कराचीहून समुद्रमार्गे निघालेले दहा जण तुमच्या मुंबईत उतरतील. मार्च २००९ मध्ये लाहोरला श्रीलंकेच्या संघाच्या बसवर गोळ्या झाडल्या जातील. सीएसटीच्या फलाटावर जे घडलं त्याला कराचीच्या टाळ्या हे उत्तर नाही, आणि कुणी तसं सांगितलं तर मानू नका. मारेकऱ्यांचा हिशेब न्यायानंच व्हायला हवा.

पण त्यामुळे १३ मार्चची ती संध्याकाळ खोटी ठरत नाही. टाळ्या वाजवणारे भाबडे नव्हते. कारगिल त्यांना ठाऊक होतं, हॉटेलसमोरचा स्फोट त्यांच्याच शहरात झाला होता, आपल्याच लोकांनी फेकलेले दगड त्यांनी पाहिले होते. सगळं माहीत असताना, हरल्यानंतर, ते उभे राहिले. सरकारांनी सांगितलं म्हणून नव्हे. त्या चेंडूनंतर कुणी सांगायला वेळच नव्हता.

म्हणून या प्रवासातून एवढंच काम घेऊन या. संघ मैदानात काय करतो हे आपल्या हातात नाही. आपण खुर्चीत काय करतो हे पूर्णपणे आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी वानखेडेवर किंवा पुण्याच्या गहुंजेला पाहुण्या संघाचा फलंदाज शतक करेल आणि आजूबाजूला सगळे हाताची घडी घालून बसतील, तेव्हा कुणाला तरी पहिलं उठावं लागेल. तुम्ही उठा. शेजारच्या पोराला हाताला धरून उठवा, आणि हा कोण, कुठून आला, यानं आत्ता केलं ते इतकं अवघड का आहे, ते त्याला सांगा.