पेशीची संकटातली कुमक

इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाश्यांच्या गुणसूत्रांचा अभ्यास करीत असता कोणी सहकाऱ्याने उबवणपेटीची उष्णता वाढवून ठेवली. गुणसूत्रांवर निराळेच फुगवटे उठले! या सहकाऱ्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. आम्हां गिरणीवाल्यांना त्याचे नवल नाही. एका मोठ्या नियतकालिकाने निबंध परत केला. १९६२ साली तो दुसरीकडे छापला गेला.

पुढे १९७४ साली दिसले की, तापलेली पेशी काही खास प्रथिने जोमाने बनविते. ती इतर प्रथिनांची विस्कटलेली घडी सावरतात.

हीच कुमक स्वादुपिंडाचा कर्करोगही वापरतो. त्याच्या गाठीत रक्त कमी, प्राणवायू कमी; तरी तो तग धरतो. म्हणून ती कुमकच तोडावी, असा विचार निघाला. २००७ साली अशोक सलुजा व सहकाऱ्यांनी दाखविले की, एका चिनी वेलीतले ट्रिप्टोलाइड असे एक प्रथिन घटविते आणि कर्कपेशी मरतात. उंदरांतल्या गाठीही आटोक्यात आल्या.

माणसांत मात्र काम कठीण. उपाशी पेशी स्वतःचेच भाग पचवून जगते. ते रोखण्यासाठी ११२ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना नेहमीच्या औषधांसोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिले. २०१९ साली निकाल आला: गाठी अधिक जणांच्या आक्रसल्या, पण वर्षअखेर हयात राहणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही.