थंडी वाजेपर्यंत थांबा

जाड कोट चढवा, मफलर कानांवर ओढा. १८९३चा जानेवारी आहे आणि तुम्ही न्यूयॉर्कमध्ये आहात. घोड्यांची लीद चुकवत सेंट्रल पार्कच्या कडेकडेने १०६व्या रस्त्यापर्यंत या. पलीकडे उंच खांबांवरून वाफेची गाडी धडधडत जाते, तिच्या धुराने घसा खवखवतो. समोरच्या लाल विटांच्या, गोल बुरुजांच्या इमारतीत शिरा. हे न्यूयॉर्क कॅन्सर हॉस्पिटल. वॉर्डही गोल, कारण कोपरे असले की घाण आणि जंतू साचतात.

आणि याच वॉर्डात एक डॉक्टर मुद्दाम जंतू टोचतोय!

विल्यम कोली, वय ३१. खाटेवर सोळा वर्षांचा मुलगा. त्याच्या पोटातली सार्कोमाची गाठ कापून काढण्यापलीकडे गेली आहे. धावरं हा जंतूंमुळे होणारा त्वचारोग झालेल्या काही रुग्णांच्या गाठी विरघळल्याचं कोलींना कळलं होतं. त्याचेच जिवंत जंतू टोचून पाहिले, तेव्हा काही रुग्ण त्या तापातच दगावले. म्हणून आता पिचकारीत मेलेले जंतू आहेत. सुई थेट गाठीत जाते. मुलगा ओठ चावतो.

त्याच्याजवळ बसा. जरा वेळाने खाट करकरू लागते. हुडहुडी! दातांवर दात आपटतात, तुम्ही घोंगडीवर घोंगडी घालता, तरी थरथर थांबत नाही. मग कपाळ तापतं, हाताला चटका बसावा इतकं. घामाने चादर भिजते. तुमचा जीव कासावीस होतो, पण कोलींना हाच ताप हवा आहे. तो चढला नाही, तर पुढची मात्रा वाढेल.

आत नेमकं कोण जागं झालंय, हे त्यांना दिसत नाही. तुम्ही मात्र उद्यातून आलात. याच इस्पितळाची पुढे मेमोरियल स्लोन केटरिंग ही संस्था होईल. स्वादुपिंडाच्या चिवट गाठीतही कधीकधी बी आणि टी या प्रतिकारपेशी एकत्र जमून लसिकाग्रंथीसारखी ठाणी उभारतात, आणि अशी ठाणी असलेले रुग्ण बहुधा जास्त जगतात, हे तुम्हाला माहीत आहे. इंटरल्युकिन-३३ या प्रथिनाने उंदरांच्या गाठींत ही ठाणी वाढवता येतात, हे त्याच संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. कोलींच्या कानात हे सांगावंसं किती वाटतं!

पण आता चादर बदलायची आहे, एक बाजू धरा. दर थोड्या दिवसांनी पुन्हा सुई, पुन्हा हुडहुडी. मे येतो. पोटावर हात ठेवून बघा, गाठ केवढी आकसली आहे! मुलगा घरी निघालाय. तो आणखी २६ वर्षं जगणार आहे.