गार्गॉइल
गार्गॉइल : पश्चिमी वास्तुकलेतील शिल्पांकित पन्हळमुख. छपरावरील पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकण्यासाठी छताच्या कडेला पुढे काढलेली आणि बहुधा विचित्र पशूच्या आकारात कोरलेली दगडी पन्हळ म्हणजे गार्गॉइल होय. ‘घसा’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून ही संज्ञा रूढ झाली. आकृतीच्या पाठीवरील चरातून आलेले पाणी तिच्या मुखावाटे खाली पडते. जिच्यातून पाणी वाहत नाही, अशा केवळ शोभेच्या आकृतीस ‘ग्रोटेस्क’ किंवा ‘कायमिरा’ म्हणतात.

प्राचीन ग्रीक मंदिरांच्या छपरांवर सिंहमुखी पन्हळी आढळतात. फ्रान्समध्ये तेराव्या शतकात गॉथिक शैलीबरोबर गार्गॉइलचा प्रसार झाला. लां येथील कॅथीड्रलवरील गार्गॉइले आरंभीच्या उदाहरणांत मोडतात. भिंतीवरून सतत ओघळणाऱ्या पाण्याने दगडांच्या सांध्यांतील चुना झिजतो. म्हणून पाणी अनेक मुखांत विभागून, झुकत्या आधारकमानींच्या माथ्यावरील चरांतून बाहेर नेण्याची योजना करण्यात आली. या आकृतींमागे अशुभनिवारणाचा वा धर्मोपदेशाचा हेतू असावा, असे काही अभ्यासक मानतात. मठांतील अशा राक्षसी शिल्पांवर क्लेअरव्हॉच्या संत बर्नार्डने सु. ११२५ मध्ये टीका केली होती. त्यांवरील खर्च व त्यांमुळे होणारा चित्तविक्षेप हे त्याचे मुख्य आक्षेप होत. पुढे शिशाचे नळ वापरात आल्यावर गार्गॉइलची उपयुक्तता ओसरली.

पॅरिसच्या नोत्रदाम कॅथीड्रलच्या मनोऱ्यांवरील प्रख्यात कायमिरा-आकृती मध्ययुगीन समजल्या जातात. वस्तुतः १८४५–६४ या काळातील जीर्णोद्धारात व्ह्योले-ल-द्यूक या वास्तुतज्ञाच्या कल्पनेनुसार त्या घडविण्यात आल्या. हातांवर हनुवटी टेकून शहराकडे पाहणारा ‘स्ट्रिज’ त्यांपैकीच एक. १५ एप्रिल २०१९ रोजीच्या आगीत कॅथीड्रलचे छप्पर व सुळका नष्ट झाला. मनोरे मात्र बचावले. दुरुस्तीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस, बांधकाम १८७८–८८) या एफ्. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या गॉथिक पुनरुज्जीवन शैलीतील वास्तूवरही गार्गॉइल व पशुपक्ष्यांच्या आकृती आहेत. तेथील शिल्पकामात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता. यूनेस्कोने २००४ मध्ये या वास्तूचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. भारतीय मंदिरांतील गोमुखी वा मकरमुखी प्रणालांचे कार्यही पाणी बाहेर सोडण्याचेच असते. त्यांची परंपरा मात्र स्वतंत्र आहे.

भिंतीचे रक्षण करताना गार्गॉइल स्वतः वारा-पावसाने झिजत जाते. त्यामुळे जीर्ण आकृती तशीच जतन करावी, की तिच्या जागी नवी बसवावी, हा संधारकांपुढील कठीण प्रश्न ठरतो. झिजलेल्या आकृतीचा मूळ तपशील ठाऊक नसल्यास नव्या आकृतीत कारागिराची कल्पनाच उतरते आणि कालांतराने तीच प्राचीन मानली जाते, हे नोत्रदामच्या उदाहरणावरून दिसून येते.