जलशाचा फोटो कुणी काढायचा?

22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी बाबासाहेब आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. ही तारीख आपल्याला पाठ आहे. पण त्याच काळात बाबासाहेबांचा विचार गावोगाव पोहोचवणाऱ्या जलसाकारांचं काय? भीमराव कर्डकांचा जलसा ऐन रंगात आलाय, ढोलकीवाला घामाघूम झालाय, असा फोटो आपल्यापैकी किती जणांनी पाहिलाय?

ज्यांना रोजची भाकरी मिळत नव्हती त्यांच्याकडे कॅमेरा कुठून येणार? जलसा रात्री, कंदिलाच्या नाहीतर गॅसबत्तीच्या उजेडात व्हायचा. ज्यांच्याकडे कॅमेरे होते ते आपल्या वस्तीत पाय ठेवत नव्हते. म्हणजे आपला इतिहास फोटोत दिसत नाही, यालाही कारण जातच आहे.

1972 साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. त्याच काळ्या समाजाने जॅझ हे संगीत घडवलं. गाणारे-वाजवणारे काळे, पण त्यांचे गाजलेले फोटो बहुतेक गोऱ्यांनी काढलेले. त्यातले कित्येक फोटो उत्तमच आहेत. पण मिल्ट हिंटन या काळ्या वादकाने काय केलं पाहा. 1936 पासून तो कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये बास वाजवायचा आणि सोबत कॅमेरा ठेवायचा. त्याने मंचावरचे सोबती टिपले, रेल्वेत दमून झोपलेले सोबती टिपले, आणि दक्षिणेत काळ्यांसाठी वेगळं दार दाखवणाऱ्या पाटीखाली उभे असलेले सोबतीही टिपले. संगीत आणि अपमान एकाच रिळात आले. बाहेरून आलेल्या फोटोग्राफरला वादक दिसला. हिंटनला वादकाचं जगणं दिसलं.

1958 साली आर्ट केनने न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत 57 जॅझ कलावंतांचा एकत्र फोटो काढला. आज त्यातल्या प्रत्येकाचं नाव सांगता येतं. आपल्या भीमगीतांच्या फोटोंत कोरसवाल्या बाईचं नाव असतं का? ढोलकीवाल्याचं?

कुणी म्हणेल, गाणं कानाने ऐकायचं असतं, फोटो कशाला? त्याने विलास घोगरेंची आठवण करावी. जुलै 1997 मध्ये रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर या शाहिराने जीवन संपवलं. आनंद पटवर्धनांनी त्यांना आधीच ‘हमारा शहर’मध्ये चित्रित केलं होतं, म्हणून ते गाताना कसे दिसायचे हे आज आपण पाहू शकतो. ‘जय भीम कॉम्रेड’मुळे त्यांची कहाणी जगभर गेली. पटवर्धनांचे आभार मानू. पण दर वेळी कुणी पटवर्धन येण्याची वाट पाहायची का?

आज उमरगा, कळंब, परंडा, तुळजापूर, कुठेही 14 एप्रिलच्या कार्यक्रमात शंभर मोबाईल वर होतात. फोटो कुणाचे निघतात? पाहुण्यांचे, बॅनरचे आणि स्वतःचे! गायक कोपऱ्यात राहतो.

म्हणून तरुण मित्रांनो, यंदा एवढं करा. मंचाच्या बाजूला उभे राहा, म्हणजे गायकाच्या मागचे वादक आणि कोरसही दिसतील. कलावंताच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नका. ऐकणाऱ्या आयाबहिणींचे, कार्यक्रमाआधी ढोलकी कसणाऱ्या हातांचे फोटो त्यांना विचारून काढा. प्रत्येकाचं नाव, गाव, तारीख लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो लहान होतो, म्हणून मूळ फाईल दोन ठिकाणी जपा. आणि एक प्रिंट त्या कलावंताच्या घरी नेऊन द्या. फोटोवर पहिला हक्क त्याचा आहे.

वामनदादा कर्डक 2004 साली गेले. त्यांना ऐकलेली माणसं आज म्हातारी झाली आहेत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एखादा जुना फोटो नक्की असेल. या आठवड्यात आपल्या गावातल्या एका तरी शाहिराच्या घरी जा, त्या फोटोचा फोटो घ्या आणि त्यातल्या प्रत्येकाचं नाव विचारा. नाव सांगणारा गेला की फोटोही मुका होतो.

जय भीम!