पाटी कुणाची, पेट्रोल कुणाचं?



या वीकांताला सोलापूरला घरी गेलो होतो. पुण्याहून निघताना टाकी अर्धी होती, म्हटलं सोलापुरात भरू. बाबा शेजारी बसलेले. वाटेत एक पंप आला, मी इंडिकेटर दिला, तर बाबा म्हणाले, "इथं नको. पुढं चल." दुसरा आला. "इथंही नको." शेवटी सात रस्त्याच्या पलीकडे त्यांच्या ठरलेल्या पंपावर गेलो. चेतक होती तेव्हापासून त्यांचा हाच नियम आहे. कारण विचारलं तर आजोबांच्या काळापासूनचं उत्तर ठरलेलं: "ही मूळची बर्मा शेल. त्यांचं पेट्रोल वेगळंच."

लहानपणी मला हे पटायचं. इंजिनियर झाल्यावर पटेनासं झालं. आमच्या चेतकच्या मेकॅनिकचं मत तर एका वाक्यात संपायचं, "पंप बघ बे, पाटी काय बघतोस!" मग रविवारची दुपार जालावर आणि जुन्या पुस्तकांत घालवली, म्हटलं एकदाचा निकाल लावू. निकाल लागला, पण वाटेत जे सापडलं ते मायलेजपेक्षा बरंच मोठं निघालं. म्हणून हा लेख.

गोष्ट पेट्रोलपासून नाही, रॉकेलपासून सुरू होते. रॉक ऑइलचं आपण रॉकेल केलं. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे मोटारी मोजक्या होत्या, पण कंदील घरोघरी होता. त्यामुळे तेल कंपन्यांचा खरा डोळा रॉकेलवर. १९२७ साली न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइलने सोव्हिएत रशियाकडून स्वस्त रॉकेल विकत घेऊन भारतात आणलं. शेलचे सर्वेसर्वा हेन्री डेटर्डिंग भडकले. बाकूमधल्या शेलच्या तेलविहिरी बोल्शेविकांनी ताब्यात घेतल्या होत्या, म्हणजे त्यांच्या मते हा चोरीचा माल. त्यांनी भारतात भाव पाडायला सुरुवात केली, समोरच्यानेही पाडले, आणि बघता बघता ही भांडणं जगभर पसरली.

वर्षभरात सगळ्यांचे हात पोळले. सप्टेंबर १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲक्नाकॅरी नावाच्या गढीत शेलचे डेटर्डिंग, न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलचे वॉल्टर टीगल आणि अँग्लो-पर्शियनचे जॉन कॅडमन शिकारीच्या निमित्ताने जमले. शिकार किती झाली कोण जाणे, पण एक करार मात्र झाला. 'आहे तसं ठेवा' या नावाने तो प्रसिद्ध आहे. ज्याचा जेवढा बाजार आहे तेवढाच त्याने ठेवायचा, नव्या टाक्या बांधण्यापेक्षा एकमेकांच्या वापरायच्या, आणि माल जिथून जवळ पडेल तिथून उचलायचा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा अहवाल १९५२ मध्ये बाहेर आला, तेव्हा कुठे या कराराचा तपशील लोकांना नीट कळला.

त्याच १९२८ साली भारतात बर्मा ऑइल आणि शेल यांनी आपली विक्री एकत्र करून बर्मा-शेल काढली. म्हणजे आजोबांची लाडकी पाटी जन्मालाच आली ती दोन कंपन्यांचा माल एका नावाखाली विकायला! 'त्यांचं पेट्रोल वेगळंच' यातलं 'त्यांचं' म्हणजे नक्की कुणाचं, हा प्रश्न तेव्हाही अवघडच होता :)

पुढे स्वातंत्र्यानंतर मुंबईत तुर्भे-माहुलच्या बाजूला रिफायनऱ्या आल्या. १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची (हीच पुढे एस्सो झाली), १९५५ मध्ये बर्मा-शेलची. दोन्ही अगदी शेजारी शेजारी. एस्सोने साठच्या दशकात 'टाकीत वाघ घाला' म्हणत जगभर जाहिराती केल्या. पण १९७४ मध्ये सरकारने एस्सो ताब्यात घेतली आणि हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. १९७६ च्या जानेवारीत बर्मा-शेल गेली, १९७७ मध्ये तिचं नाव भारत पेट्रोलियम झालं. कॅलटेक्सही सरकारकडे येऊन १९७८ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. इंडियन ऑइल आधीपासून सरकारीच होती. थोडक्यात काय, तीन पाट्या, मालक एकच.

आणि पाट्या तीन असल्या तरी नळ्या तीन नाहीत. हिंदुस्तान पेट्रोलियमची एक पाइपलाइन मुंबईहून पुण्यामार्गे आपल्या पाकणीपर्यंत येते, लांबी ५०० किलोमीटरच्या आसपास. तेल कंपन्या आपापसांत मालाची देवाणघेवाण देशभर करतात. ज्याची रिफायनरी किंवा डेपो जवळ, त्याच्याकडून बाकीचेही उचलतात. ॲक्नाकॅरीत शिकारीला जमलेल्या मंडळींना हे बघून गहिवरून आलं असतं. साधं पेट्रोल कुणाचंही असो, ते एकाच भारतीय मानकात बसावं लागतं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गंधक दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त नाही.

मग फरक कशात? एक, ॲडिटिव्हमध्ये. २००२ च्या सुमारास स्पीड, पॉवर, एक्स्ट्राप्रीमियम अशी नावं आली. त्यात इंजिन साफ ठेवणारी रसायनं असतात, काहींत ऑक्टेन जास्त. पण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जास्त ऑक्टेन मागितलं नसेल तर ते जादा पैसे बहुतेक वाया. दोन, इथेनॉल. हे आता सगळ्याच पाट्यांखाली आहे. २००१ मध्ये याचे पहिले प्रयोग झाले ते आपल्याच मिरज आणि मनमाडला (तिसरा उत्तर प्रदेशात). आज मिश्रण २० टक्क्यांवर पोचलं आहे. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालानेच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के कमी होईल असा अंदाज दिला होता. उसाच्या जिल्ह्यात बसून इथेनॉलला नावं ठेवणं जिवावर येतं, पण विदा तर असा आहे.

म्हणजे बाबा हरले, मेकॅनिक जिंकला. मी लेख इथेच संपवणार होतो. पण मनमाडचं नाव आलं आणि थांबावं लागलं.

२५ जानेवारी २०११. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडीच्या रस्त्याने जात होते. तिथे मोठे तेल डेपो आहेत. रस्त्याकडेच्या एका ढाब्याजवळ टँकर आणि भेसळीचा उद्योग त्यांना दिसला. ते थांबले, जाब विचारला. त्यांना तिथेच दिवसाढवळ्या जिवंत जाळण्यात आलं.

त्याआधी, १९ नोव्हेंबर २००५ ला, उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत इंडियन ऑइलचा अधिकारी मंजुनाथ षण्मुगम गोळ्या घालून मारला गेला. वय २७. आयआयएम लखनौचा विद्यार्थी. भेसळीवरून त्याने एका पंपावर कारवाई केली होती आणि तो पुन्हा तपासणीला गेला होता. आपल्यापैकी कित्येकांच्या वयाचा, आपल्यासारखीच कॅम्पसमधून नोकरी लागलेला.

याच्या मुळाशी काय होतं? पुन्हा रॉकेलच! २०११ च्या सुरुवातीला रेशनचं रॉकेल लिटरला बारा-तेरा रुपये, डिझेल चाळिशीच्या आसपास आणि पेट्रोल साठीच्या. गरिबाच्या स्टोव्हसाठी दिलेलं अनुदान टँकरमधून इंजिनात जात होतं. रॉकेलला निळा रंग दिला, २००६ मध्ये रासायनिक मार्करही घातला, तो २००८ च्या अखेरीस बंदच झाला. शेवटी २०१६ पासून रॉकेलचे भाव हळूहळू वाढवत नेले आणि २०२० पर्यंत अनुदान संपलं, तेव्हा या धंद्यातली मोठी मलई गेली. तरी सगळं आलबेल नाही. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यातल्या अनेक पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रात चिप बसवून माप मारण्याचे प्रकार उघड झाले. त्यात कुठल्या एकाच पाटीचा दोष नव्हता.

रिफायनरीपासून डेपोपर्यंतचा प्रवास मानकांनी बांधलेला आहे. डेपोपासून तुमच्या टाकीपर्यंतचा शेवटचा टप्पा माणसांवर अवलंबून आहे: टँकरचा ड्रायव्हर, पंपाचा मालक, तपासणीला येणारा अधिकारी. ब्रँड आपण विकत घेतो तो या टप्प्याची हमी म्हणून, आणि नेमकी तीच हमी पाटी देऊ शकत नाही. ती देताना दोन माणसं मेली.

आपल्या हातात फार नाही, पण थोडं आहे. पंपावर फिल्टर पेपर मागायचा हक्क तुम्हाला आहे. नोझल पुसून एक थेंब टाकायचा. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जातं. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं सरकारी माप मागा, २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नाही. घनता टँकरच्या चलनावरच्या आकड्याशी ताडून बघा, तापमानाचा हिशेब करून ३ पेक्षा जास्त फरक असेल तर गडबड.

रविवारी परतताना बाबांच्या पंपावर मी फिल्टर पेपर मागितला. मागच्या रांगेत हॉर्न सुरू झाले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गल्ल्यावरचे मालक, सत्तरीचे असतील, स्वतः उठून पेपर घेऊन आले. थेंब उडाला. डाग नाही.

गाडीत बसल्यावर बाबांना म्हटलं, "बर्मा शेल वगैरे काही नसतं हो बाबा." ते म्हणाले, "ठाऊक आहे. पण पस्तीस वर्षं हा माणूस गल्ल्यावर स्वतः बसतो, हे तुझ्या आजोबांना सांगितलं असतं तर पटलं नसतं. त्यांना पाटी लागायची."

असो. चूभूद्याघ्या. पुढच्या वीकांताला भेटूच.