बटाटा, चोरीस आणि आपला तवा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृतीचे पान नेहमीच असते. यंदा त्या पानासाठी तव्यावरचा एखादा पोटभरीचा पदार्थ लिहावा, अशी चिटणीसबाईंची सूचना आली. मी बटाटा आणि गोव्याकडचे चोरीस ही जोडी निवडली आहे. चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज. हे वाचून काही भगिनींच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मी जाणून आहे. म्हणूनच कृती शेवटी देते. आधी थोडा इतिहास सांगते. तो ऐकल्यावर हा पदार्थ खायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु तो शेजारी शिजावा की नाही, याचा निर्णय मात्र आपण जरा सबुरीने करू, एवढीच माझी विनंती आहे.

प्रथम बटाट्याकडे वळू. बटाट्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, आजच्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांत आहे. तेथील लोक हजारो वर्षांपासून तो पिकवीत आले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. ‘बटाटा’ हे नाव मुळात त्याचे नव्हतेच. कॅरिबियन बेटांवरील लोक रताळ्याला तसे म्हणत. ते नाव पोर्तुगीजांच्या तोंडी बसले, पुढे या नव्या कंदाला चिकटले आणि आपल्याकडे कायमचे राहिले. उत्तरेकडील लोकांनी कंदाला पूर्वापार असलेले ‘आलू’ हेच नाव त्याला दिले. आपण मात्र जहाजातून आलेले नाव घेतले.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. त्यानंतर त्यांच्या जहाजांतून जे जे उतरले त्याची यादी केली तर आपले आपल्यालाच नवल वाटेल. पाव, कोबी, काजू, अननस, चावी, घमेले हे शब्द त्यांच्याकडूनच आले. इतकेच काय, ज्या एका शब्दावर आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यातील घरोघरचा महिना चालतो, तो ‘पगार’ हा शब्दही पोर्तुगीजच आहे!

याहून मौजेची गोष्ट उपवासाच्या ताटात आहे. एकादशीला आपण कांदा-लसूण वर्ज्य मानतो. पण त्या दिवशी पानात काय असते? साबुदाण्याची खिचडी, तीत शेंगदाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि बटाट्याच्या फोडी. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, तसेच शेंगदाणा, मिरची आणि बटाटा हे सारे अमेरिका खंडातून आलेले आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या काळी या देशात यातील एकही जिन्नस नव्हता. म्हणजे परका पदार्थ आपल्या देवघरापर्यंत केव्हा पोहोचला, हे आपल्या पणज्यांनाही कळले नसावे. आजीने रांधले म्हणून ते आईचे झाले, आणि आईचे झाले म्हणून ते धर्माचे झाले.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आज चाकण म्हटले की मोटारींचे कारखाने डोळ्यांसमोर येतात. इतिहास वाचणाऱ्याला १६६० साली शायिस्ताखानाच्या वेढ्यात संग्रामदुर्ग लढविणारे फिरंगोजी नरसाळा आठवतात. परंतु या दोहोंच्या मध्ये आणखी एक चाकण आहे, ते कांद्या-बटाट्याच्या बाजाराचे. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात जुन्नर-खेड भागातील बटाट्याच्या पिकाची नोंद आढळते. त्याआधी १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली होती आणि मुंबईची बाजारपेठ जवळ आली होती. चाकण, खेड, मंचर हा पट्टा बटाट्याचा झाला तो अशा रीतीने, हवा आणि बाजार या दोहोंच्या मेळाने. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार तर आजही पावसाळी बटाट्यासाठी नावाजलेले आहे. तेथील शेतकरी बेणे थेट पंजाबातून आणतात.

या पिकाने शेतकऱ्याला रडविलेही आहे. १९०६ साली इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर बटाट्याची पाकोळी मुंबई इलाख्यात शिरली. ही पाकोळी बटाट्याच्या डोळ्यापाशी अंडी घालते, अळी आत शिरते आणि साठविलेला माल पोखरून टाकते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील बटाट्याच्या लागवडीचा बारकाईने अभ्यास केला. खेडचे राजगुरुनगर झाल्यावरही तेथील बटाटा संशोधन केंद्रात या पाकोळीवर काम होत असे. आपल्या वाचक भगिनींना ठाऊक नसेल, पण याच मॅनसाहेबांनी आपल्या पिंपळे सौदागरचा घरोघर फिरून अभ्यास केला आणि १९१७ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. कोणाची जमीन किती, तिचे तुकडे किती, कर्ज किती, हे सारे त्यात आहे. ज्या गावात आज मजल्यांवर मजले चढले आहेत, त्या गावाची शेते शंभर वर्षांपूर्वी अशी मोजली गेली होती.

मात्र अशा पुस्तकांत एक गोष्ट थोडीच सापडते. बेण्याच्या फोडी करताना प्रत्येक फोडीवर डोळा राहील असे कापणारी, काढणीच्या वेळी वाकून माती उकरून बटाटे वेचणारी, सडका नग बाजूला काढून बाकीचा माल सावलीतल्या अरणीत रचणारी बहुतेक बाईच असे. एकरी उत्पन्न छापले गेले, तिचे नाव मात्र छापले गेले नाही. स्मरणिकेत तरी तिची आठवण राहावी म्हणून हे लिहीत आहे.

पुढे कारखाने आले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पेनिसिलिन तयार करणाऱ्या त्या कारखान्याला जागतिक आरोग्य संघटनेचे आणि युनिसेफचे साहाय्य होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे येथे होतीच. त्यांच्या जोडीला मराठवाडा, कोकण, केरळ, पंजाब अशा ठिकठिकाणची माणसे आली. गोवा १९६१ साली मुक्त झाला होता. गोव्याचीही काही कुटुंबे या वसाहतीत राहू लागली.

१९७२ साली मी लग्न होऊन पिंपरीत आले, तेव्हा आमच्याच ओळीत मडगावकडच्या एक बाई राहत असत. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. त्यांच्या स्वयंपाकघरात खुंटीला जपमाळेसारखी चोरीसांची माळ टांगलेली असे. मावशींकडून जे ऐकले आणि पाहिले त्यावरून सांगते. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे मीठ लावून मुरवतात. मग लाल मिरची, लसूण, आले, मिरी, दालचिनी, लवंग हे माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून त्यांत कालवतात. हे मिश्रण स्वच्छ केलेल्या आतड्यात भरून, दोऱ्याने मणी-मणी बांधून उन्हात वाळवतात आणि चुलीवर धुरी देतात. मीठ, आंबट, धूर आणि ऊन या चौघांनी मिळून ते टिकते. गोव्यात मे महिन्यात ‘पुरुमेंता’ची, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवण्याच्या जिनसांची, मोठी खरेदी चालते, त्यांत सुकी मासळी, मिरची, चिंच यांबरोबर चोरीसही असते.

आता सांगा, वैशाखात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे आणि बटाट्याचा कीस वाळत घालणाऱ्या आपल्या सासूबाई याहून निराळे काय करीत होत्या? पावसाचे चार महिने डोळ्यांसमोर ठेवून घर सावरणे हेच दोन्हीकडचे काम.

परंतु मावशींना चोरीस शिजवताना खिडकी लावून घ्यावी लागे. “वास येतो” असा निरोप एका घरातून येई. पुढे दुसरे बिऱ्हाड पाहताना एका घरमालकाने त्यांना स्वयंपाकावरूनच नकार दिला. ज्या बाईने आमच्या बाळंतपणात रात्री जागविल्या, तिने स्वतःच्या घरात दार-खिडक्या बंद करून जेवावे, हे मला तेव्हाही खुपत असे. आज आपल्या इमारतींतून परप्रांतीय भाडेकरूंच्या बाबतीत हीच चर्चा कानांवर येते, म्हणून हे आवर्जून लिहिले.

इतिहासाची आणखी एक गंमत पाहा. २००९ साली चाकणला फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा कारखाना सुरू झाला. सॉसेज आणि तव्यावर परतलेला बटाटा हे तर जर्मन लोकांचे घरोघरचे जेवण. त्यांच्याकडेही बटाटा सहजासहजी स्वीकारला गेला नव्हता. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याला १७५६ साली त्याच्या लागवडीसाठी हुकूम काढावा लागला. वोल्फ्सबुर्ग येथील या कंपनीच्या मूळ कारखान्यात १९७३ पासून स्वतःचे सॉसेज तयार होते आणि मोटारीच्या सुट्या भागाप्रमाणे त्याला क्रमांकही दिलेला आहे! त्यावर घालतात ती ‘करी’ची पूड, ते नाव आपल्याच देशातून इंग्रजांमार्फत तिकडे गेले. चाकणच्या बटाट्याच्या बाजाराजवळ शेवटी बटाटा-सॉसेज खाणारेच येऊन कारखाना काढतात, याला काय म्हणावे?

आता कृती. चार माणसांसाठी अर्धा किलो बटाटे अर्धवट उकडून, सोलून जाड चकत्या कराव्यात. पाव किलो चोरीस घेऊन दोरा व वरचे आवरण काढावे. जाड बुडाचा तवा मंद तापवून त्यावर चोरीस घालावे. तेल मुळीच घालू नये. त्याचीच चरबी सुटते. थोडे पाणी शिंपडून झाकण ठेवावे आणि मांस पूर्ण शिजू द्यावे. कच्चे मुळीच ठेवू नये. मग दोन कांदे उभे चिरून परतावेत आणि बटाट्याच्या चकत्या पसरून खालची बाजू खरपूस होईपर्यंत हलवू नयेत. मीठ शेवटी, चव पाहून घालावे. चोरीसात ते असतेच. लोखंडी तवा असेल तर पदार्थ त्यावर फार वेळ ठेवू नये, आंबटाने लोखंडाची चव उतरते. सोबत पाव द्यावा.

ज्या घरी मांस चालत नाही त्यांनी हाच तवा घेऊन काचऱ्या कराव्यात. बटाट्याच्या पातळ काचऱ्या पाण्यातून धुऊन घ्याव्यात, म्हणजे वरचा चिकटपणा, जे त्यांचे पीठच असते, निघून जातो आणि त्या तव्याला धरत नाहीत. तेलात मोहरी-हळद, वर काचऱ्या, झाकण, शेवटी तिखट-मीठ. चोरीसाच्या जागी तेल आले, एवढाच फरक; तवा, बटाटा, तिखट आणि मंद आच ही तीच.

वाचक भगिनींनो, आपल्या मंडळात आज निरनिराळ्या प्रांतांतल्या आणि निरनिराळ्या चालीरीतींच्या सभासद आहेत. पुढच्या हळदीकुंकवाला किंवा सहभोजनाला प्रत्येकीने आपल्या घरचा एक पदार्थ, त्याचे नाव आणि तो कोणाकडून शिकला हे कागदावर लिहून आणावे, असे मी सुचविते. सामिष आणि निरामिष अशा दोन वेगळ्या मेजा मांडल्या म्हणजे कोणाचा नेम मोडणार नाही आणि कोणाला खिडकीही लावावी लागणार नाही. त्या कागदांची वही मंडळाच्या कपाटात राहिली, तर आपल्या मुलीबाळींना या गावचा खरा इतिहास त्यातच वाचायला मिळेल.