पानफुटी, की तिची बहीण?

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी बोटाच्या पेराएवढं एक रोप दिलं. "लाव कुंडीत, पानफुटी आहे," एवढीच माहिती. लावलं, वाढलं, बघता बघता एका कुंडीच्या चार झाल्या. घरी कोणी आलं की मी कौतुकाने दाखवायचो, ही आमची पानफुटी.

मग एक दिवस मुतखड्याने हैराण झालेला मित्र आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की सकाळी उपाशीपोटी पानफुटीचं पान चावून खायचं. तो पान तोडणार इतक्यात मलाच शंका आली. पान झाडावर असतानाच त्याच्या कडेला इवल्या इवल्या रोपांची झालर लागली होती. शाळेत असताना आम्ही पानफुटीचं पान वहीत ठेवायचो, आणि तोडल्यावर काही दिवसांनी त्याला कोंब फुटायचे. झाडावरच झालर? असं काही आठवेना. म्हटलं, थांब जरा, आधी हे आहे काय ते बघू.

त्या 'बघू'मध्ये माझे दोन वीकेंड गेले. आणि कळलं की हा गोंधळ काही आमच्या गॅलरीतच सुरू झालेला नाही, तो चांगला सव्वादोनशे वर्षं जुना आहे.

पानफुटी मूळची मादागास्करची. माणसांबरोबर ती जगभरच्या उष्ण प्रदेशांत पोचली. बी नको, कलम नको, खिशातलं एक पान पुरतं. पण पानाबरोबर नावाची चिठ्ठी येत नाही, तिथेच घोळ होतो. १७८६ साली फ्रान्समध्ये लामार्कने (हो, तोच, जिराफाच्या मानेवाला) तिचं नाव कोटिलेडॉन पिनाटा ठेवलं. १८०५ साली पर्सूनने तिला कलांचो वंशात नेलं. त्याच वर्षी लंडनमध्ये सॉल्सबरीने तिसरंच नाव काढलं, ब्रायोफायलम कॅलिसिनम. ग्रीकमध्ये 'ब्रायो' म्हणजे अंकुरणं आणि 'फायलम' म्हणजे पान. म्हणजे चक्क पानफुटी! आपल्याकडच्या कुणा अनाम माणसाने आणि लंडनच्या साहेबाने एकाच गोष्टीकडे बघून एकच नाव ठेवलं, याची मला भारी गंमत वाटली.

याच सुमारास मद्रास इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बेंजामिन हाइन नावाचा जर्मन वनस्पतीतज्ज्ञ होता. पठ्ठ्याने हे पान दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चावून पाहिलं. सकाळी आंबटढाण, दुपारी बेचव, संध्याकाळी कडवट! त्याने हे लंडनला लॅम्बर्ट यांना पत्राने कळवलं आणि लिनियन सोसायटीने ते १८१५ साली छापलं. आज त्याचं कारण आपल्याला माहीत आहे. ही झाडं पाणी वाचवायला दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात. रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, त्याचं आम्ल करून साठवतात आणि दिवसा उन्हात तो साठा वापरतात. म्हणून सकाळचं पान आंबट. एवढा मोठा शोध एका चाव्यातून सुरू झाला. आणि त्या लेखाच्या शीर्षकात झाडाचं नाव काय? कोटिलेडॉन कॅलिसिना. म्हणजे चौथं!

जर्मन महाकवी गटे तर या झाडाच्या प्रेमातच होता. फुलाचे सगळे भाग ही पानाचीच रूपं, असं त्याने १७९० सालीच लिहिलं होतं. पानातून अख्खं झाड निघताना बघून त्याला काय वाटलं असेल! तो मित्रमंडळींना ही पानं भेट पाठवायचा.

आता आपल्या मुतखड्याकडे. जुन्या आयुर्वेदिक ग्रंथांत 'पाषाणभेद' नावाची वनस्पती आहे. तज्ज्ञ बहुतेक वेळा ती हिमालयातली बर्जेनिया मानतात. पण काही ठिकाणी पानफुटीलाच पाषाणभेद म्हणतात. मादागास्करहून खूप उशिरा आलेलं झाड त्या जुन्या ग्रंथांत कुठून असणार? नाव चिकटलं, आणि नावाबरोबर औषधही चिकटलं.

आणि माझ्या कुंडीतलं झाड? ती पानफुटीही नव्हती, तिची मादागास्करचीच बहीण होती, कलांचो डेग्रेमोन्टियाना. या जातीचं नाव १९१४ सालचं. ओळखायची खूण सोपी आहे. पानफुटीचं पान जाड, गोलसर, कडेला बोथट खाचा असलेलं. मोठ्या झाडावर एकाच देठाला तीन किंवा पाच पर्णिका दिसतात. कोंब बहुधा पान तुटल्यावर फुटतात. बहिणीचं पान लांबट त्रिकोणी, खालून जांभळट ठिपक्यांचं, आणि झाडावरच रोपांची झालर. या दोघींतही हृदयावर परिणाम करणारी बुफाडायनोलाइड गटातली विषारी द्रव्यं असतात. ऑस्ट्रेलियात कलांचो खाऊन गुरं दगावली आहेत. मित्राला म्हटलं, बाबा रे, हे पान ठेव खाली आणि डॉक्टरकडे जा. तो वैतागला, पण गेला.

लावायची असेल तर मात्र दोघींइतकं सोपं काही नाही. पानफुटीचं पान भुसभुशीत, ओलसर मातीवर आडवं ठेवा, पुरू नका. थेट ऊन नको, पाणी बेताने. कडेच्या खाचांतून आधी मुळं आणि मग कोंब येतात. रोपांना पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की वेगळी करा. बहिणीची रोपं तर आपोआप गळतात आणि शेजारच्या कुंड्यांतही घुसतात, तेव्हा जरा लक्ष ठेवा. एखादं अनोळखी जाड पानाचं झाड मिळालं, तर तुटलेलं पान दोन-तीन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या, मग मातीवर ठेवा. फूल येईपर्यंत नावाची घाई नको, कारण पानं फसवतात. आणि नाव कळेपर्यंत तोंडात तर अजिबात घालू नका. हाइनसाहेबाचं निभावलं, ते त्याचं नशीब.

आता काकूंना सांगायचं राहिलंय. परवा चारही कुंड्यांना चिठ्ठ्या लावल्या. कोणाला रोप दिलं तर चिठ्ठीसकट देतो. असो.